रॉकेट परत येतं, मग उपग्रहाचं इंटरनेट केबलवाल्याच्या भावात का नाही?

मुलुंडहून एक प्रश्न आलाय, थोडक्यात असा: "एकच रॉकेट वीस-पंचवीस वेळा उडतं म्हणे. म्हणजे उपग्रह वर नेणं जवळजवळ फुकटात पडायला हवं. तरी हे इंटरनेट फायबरपेक्षा महाग का? टीव्हीला एक उपग्रह पुरतो, इथे हजारो कशाला? सोसायटीच्या गच्चीवर डिश लावून फायबर बंद करावं का? आणि मोखाड्याजवळ आमचं आजोळचं घर आहे, तिथे काय करावं?"

प्रश्न चार दिसतात, पण मुळात एकच विचारायचंय: रॉकेट परत आणून वाचलेले पैसे जातात कुठे? ते कळलं की मुलुंडचं आणि मोखाड्याचं उत्तर वेगवेगळं का येतं तेही कळेल. माझं काम जमिनीकडच्या टोकाचं, म्हणजे जहाजं, समुद्रातले तेलाचे प्लॅटफॉर्म, केबल पोचत नाही अशा जागा यांच्यासाठी उपग्रहाची लिंक आखायचं. त्यामुळे रॉकेटकडेही मी "शेवटी ग्राहकाच्या हातात किती मेगाबिट पडणार" याच हिशोबाने बघतो.

आधी हजारो उपग्रहांचं. टीव्हीचा उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. तिथे त्याची प्रदक्षिणा पृथ्वीच्या फिरण्याइतकीच चालते, म्हणून तो आकाशात एका जागी खिळल्यासारखा दिसतो. डिश एकदा रोखली की काम संपलं. इंटरनेटसाठी मात्र तुमची मागणी वर जाते, खाली गेटवेला (इंटरनेटला जोडलेल्या जमिनीवरच्या केंद्राला) येते, उत्तर पुन्हा वर जातं आणि तुमच्याकडे उतरतं. अशा चार टप्प्यांत प्रकाशालाच ४८० मिलिसेकंद लागतात, आणि मधल्या उपकरणांचा वेळ धरला की ६००च्या आसपास जातो. सिनेमा बघायला त्याने काही बिघडत नाही, पण व्हिडिओ कॉलवर दोघं एकमेकांचं बोलणं तोडत राहतात. ५५० किलोमीटरवरच्या उपग्रहाला याच चार टप्प्यांसाठी सात-आठ मिलिसेकंद पुरतात. गेटवेपर्यंतचं तिरकं अंतर, रांगेत थांबणं हे सगळं मिळून प्रत्यक्षात २५ ते ५० मिलिसेकंद मिळतात. शिवाय अंतर ६५ पट कमी झालं की सिग्नल पसरून होणारं नुकसान चार हजार पटींनी कमी होतं, म्हणून डिशही छोटी आणि चपटी चालते.

आता याची किंमत बघा. ५५० किलोमीटरवरचा उपग्रह ताशी २७ हजार किलोमीटरने पळतो आणि साधारण ९५ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारतो. क्षितिजापासून २५ अंशांच्या वर असेल तेव्हाच तो कामाचा, असं धरलं तर अगदी डोक्यावरून गेला तरी साडेचार मिनिटांत तुमच्या हातून निसटतो. जमिनीवर त्याच्या आवाक्याचं वर्तुळ साधारण ९४० किलोमीटर त्रिज्येचं. पृथ्वीचं क्षेत्रफळ या वर्तुळाने भागलं तर १८५च्या आसपास आकडा येतो. वर्तुळं एकमेकांवर चढवल्याशिवाय फटी बुजत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त लागतात. स्टारलिंक ही एलॉन मस्क यांच्या स्पेसएक्स कंपनीची उपग्रह-इंटरनेट सेवा. तिचा ५५० किलोमीटरचा पहिला थर १,५८४ उपग्रहांचा आखला होता: ७२ प्रतलं (म्हणजे वेगवेगळे कक्षामार्ग), प्रत्येकात २२. वनवेब ही अशीच दुसरी कंपनी; त्यांचे उपग्रह १,२०० किलोमीटरवर असल्यामुळे त्यांचं वर्तुळ मोठं आणि योजना ६४८ उपग्रहांची. म्हणजे जगभर सिग्नल पोचवायला काही शे ते दीड हजार पुरतात. त्यावरचे सगळे उपग्रह क्षमता वाढवण्यासाठी असतात, आणि क्षमतेचीच खरी गोम आहे.

कारण यातला एकही उपग्रह मुंबईवर थांबवून ठेवता येत नाही. सकाळी विरारकडे रिकामी जाणारी लोकल चालवावीच लागते, त्याशिवाय ती भरून चर्चगेटला येणार कशी? तसं हे उपग्रह बहुतेक वेळ समुद्रावरून, वाळवंटावरून जवळजवळ रिकामे फिरतात आणि माणसांच्या वस्तीवरून जाताना काही मिनिटं कमावतात. या रिकाम्या फेरीचा खर्च कुठल्याही रॉकेटने टळत नाही.

आता रॉकेट. स्पेसएक्सच्याच फाल्कन ९ चं उदाहरण घेतो, कारण या धंद्यात नियमित परत येणारं आणि सर्वात जास्त मोजलं गेलेलं रॉकेट तेच आहे. पहिल्या टप्प्यात नऊ मर्लिन इंजिनं. इंधन म्हणजे खास शुद्ध केलेलं रॉकेल आणि द्रवरूप ऑक्सिजन. साधारण अडीच मिनिटांनी, ६५-७० किलोमीटर उंचीवर, सेकंदाला सव्वादोन किलोमीटरच्या आसपास वेग असताना पहिला टप्पा सुटतो. दुसरा टप्पा एकाच इंजिनावर पुढे जातो. सुटलेला पहिला टप्पा, म्हणजे बूस्टर, नायट्रोजनच्या फवाऱ्यांनी पाठ फिरवतो, वातावरणात शिरताना तीन इंजिनं पेटवून वेग मारतो, टायटॅनियमच्या जाळीदार पंखांनी दिशा सांभाळतो आणि उड्डाणानंतर आठ-साडेआठ मिनिटांनी किनाऱ्यापासून काहीशे किलोमीटरवर उभ्या ड्रोनशिपवर (माणसं नसलेल्या जहाजावर) उतरतो. शेवटचा भाग सर्वात नाजूक. टाक्या रिकाम्या झालेला बूस्टर इतका हलका असतो की एकच इंजिन सर्वात मंद ठेवलं तरी त्याचा जोर बूस्टरच्या वजनापेक्षा जास्त पडतो. म्हणजे हेलिकॉप्टरसारखं अधांतरी थांबून जागा बघून उतरणं शक्यच नाही. वेग शून्य होण्याचा क्षण आणि डेकला पाय टेकण्याचा क्षण एकच यावा लागतो. इंजिन अर्धा सेकंद आधी पेटलं तर बूस्टर डेकच्या वरच थांबून पुन्हा वर जायला बघणार, उशिरा पेटलं तर आपटणार.

दुसरा टप्पा मात्र दर वेळी नवा. तो कक्षेच्या वेगाला पोचतो, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या जवळजवळ साडेतीन पट. दर किलोमागे जिरवायची ऊर्जा त्यामुळे अकरा-बारा पट होते, त्यासाठी उष्णतारोधक कवच लागतं, आणि दुसऱ्या टप्प्यावर चढवलेला प्रत्येक किलो थेट मालातून एक किलो कमी करतो. पहिल्या टप्प्यावर हेच वजन बरंच स्वस्तात पडतं. फाल्कनचा पहिलाच टप्पा परत आणण्यामागे एवढं साधं गणित आहे. स्पेसएक्सच्या नव्या, मोठ्या स्टारशिप रॉकेटचा सगळा खटाटोप दोन्ही टप्पे परत आणण्यासाठी चाललाय. ऑक्टोबर २०२४मध्ये त्यांनी खालचा टप्पा मनोऱ्याच्या दोन हातांत झेलून दाखवला; वरच्या टप्प्याचं काम याहून अवघड.

परत आणणं फुकट नसतं, हा मुद्दा बहुतेक बातम्यांतून निसटतो. बूस्टरला उतरायचं इंधन, पाय आणि पंख घेऊन वर जावं लागतं. फाल्कन ९ बूस्टर फेकून द्यायच्या बोलीवर खालच्या कक्षेत सुमारे २२.८ टन नेऊ शकतो. ड्रोनशिपवर उतरवायचा तर साडेसतरा टनांच्या आसपास. पाव माल तिथेच गेला. त्यात ड्रोनशिप, तिला ओढणाऱ्या बोटी, फेअरिंगचे (उपग्रहांवरच्या टोकाच्या कवचाचे) अर्धे भाग समुद्रातून गोळा करणारी बोट, बंदरावरचं काम, इंजिनांची तपासणी यांचा खर्च मिळवा. समुद्र खवळलेला असेल तर प्रक्षेपणाच्या जागी हवा छान असूनही उड्डाण पुढे ढकलावं लागतं.

एलॉन मस्क यांनी २०२०मध्ये जाहीरपणे मांडलेल्या ढोबळ हिशोबात पहिला टप्पा खर्चाच्या ६० टक्के, दुसरा २०, फेअरिंग १० आणि उरलेले १० टक्के प्रक्षेपणाचे. त्यांच्या मते दुसऱ्या उड्डाणाला खर्चाची बरोबरी होते आणि तिसऱ्यापासून फायदा. त्यांचे प्रतिस्पर्धी युनायटेड लाँच अलायन्स यांचं म्हणणं होतं की सरासरी दहा उड्डाणं झाल्याशिवाय ते परवडत नाही. मला विचाराल तर दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. वर्षाला आठ-दहा उड्डाणं असतील, तर बूस्टर परत आणून गोदामात उभा करायचा आणि कारखाना मात्र तसाच पोसायचा, असं होतं. आठवड्याला दोन-तीन उड्डाणं असतील तर गणित उलटं फिरतं. पण आठवड्याला दोन-तीन उड्डाणांइतका माल आणायचा कुठून? जगातल्या सगळ्या बाहेरच्या गिऱ्हाइकांचा माल एकत्र केला तरी तेवढा भरत नव्हता. म्हणून स्पेसएक्सने स्वतःच गिऱ्हाईक उभं केलं. २०२४मध्ये फाल्कनची १३०हून अधिक उड्डाणं झाली, त्यातली साधारण दोन तृतीयांश त्यांच्या स्वतःच्याच उपग्रहांची. स्वस्त रॉकेटमुळे स्टारलिंक शक्य झालं हे खरंच; स्टारलिंकचा माल होता म्हणूनच रॉकेट स्वस्त पडलं, हे तितकंच खरं. अशी जोडी नसलेल्या कंपनीने नुसती उतरणाऱ्या बूस्टरची नक्कल केली तर तिला फायदा होईलच असं नाही.

आता वाचलेले पैसे जातात कुठे ते बघू. या उपग्रहांचं आयुष्य पाचएक वर्षांचं धरतात. ५५० किलोमीटरवरही हवेचा अगदी विरळ थर असतो, तो सतत मागे ओढतो. उंची टिकवायला आयन इंजिन (विजेच्या जोरावर वायूचे कण मागे फेकणारं) चालवावं लागतं. जुन्या उपग्रहांत क्रिप्टॉन वायू असे, नंतरच्या व्ही२ मिनी पिढीत स्वस्त म्हणून आरगॉन आला. मुद्दाम अशी उंची निवडण्यामागे शहाणपण आहे: उपग्रह मेला तरी काही वर्षांत आपोआप खाली येऊन जळतो. १,२०० किलोमीटरवर मेलेला उपग्रह शतकानुशतकं फिरत राहील, म्हणून तिथे आयुष्य संपायच्या आत इंधन राखून त्याला खाली आणावंच लागतं. पण पाच वर्षांचं आयुष्य म्हणजे काय? समजा आकाशात आठ हजार उपग्रह कायम ठेवायचेत. मग दरवर्षी सोळाशे नवे हवेत. एका उड्डाणात २८ बसले तरी वर्षाला ५७ उड्डाणं नुसती आहे तिथे टिकून राहण्यासाठी. एकही नवा ग्राहक जोडलेला नाही, एक मेगाबिटही वाढलेला नाही. फायबर एकदा रस्त्याखाली गेलं की वीस-पंचवीस वर्षं बघावं लागत नाही, फक्त महापालिकेने खोदून तोडू नये एवढंच.

एका उड्डाणात २८ बसतात तरी कसे, हे जवळून बघण्यासारखं आहे. नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक उपग्रहाला सोडणारी स्प्रिंगची यंत्रणा आणि मधला खांब असतो, त्यात जागा आणि वजन दोन्ही जातं. इथे उपग्रह चपटे करून एकावर एक थप्पीने रचतात आणि बाजूने लांब ताणलेल्या दांड्यांनी आवळून बांधतात. कक्षेत पोचल्यावर दुसरा टप्पा सावकाश फिरायला लागतो, दांड्या सुटतात आणि थप्पी पत्त्यांसारखी आपोआप पसरते. सुटताना ते एकमेकांना हलके घासूही शकतात, ते धरूनच बांधलेले असतात. पहिल्या पिढीचा उपग्रह सुमारे २६० किलोचा, व्ही २ मिनी आधी ८०० किलोपर्यंत गेला आणि मग कापून-छाटून ५७५ किलोपर्यंत आणला. २८ गुणिले ५७५ म्हणजे सोळा टनांच्या वर. साडेसतरा टनांची मर्यादा आठवते ना? ते छाटणं कशासाठी झालं ते यातून कळतं.

सुटल्यावर लगेच इंटरनेट मिळत नाही. उपग्रह मुद्दाम खालच्या कक्षेत सोडतात, तिथे तपासणी होते, सदोष निघाले तर ते थोड्याच दिवसांत स्वतःच जळून जातात. चांगले निघालेले आयन इंजिनावर हळूहळू वर चढतात; या इंजिनाचा जोर नगण्य, म्हणून आठवडे-महिने लागतात. एकाच उड्डाणातले उपग्रह वेगवेगळ्या प्रतलांत पाठवायचे तर काहींना खालीच थांबवून ठेवतात. पृथ्वी मध्यावर फुगलेली असल्यामुळे खालच्या आणि वरच्या कक्षांची प्रतलं वेगवेगळ्या गतीने सरकतात, आणि इंधन न जाळता फक्त वाट बघून हवी ती जागा मिळते.

या खालच्या कक्षेची जोखीम फेब्रुवारी २०२२मध्ये दिसली. ४९ उपग्रह सुमारे २१० किलोमीटरवर सोडले आणि दुसऱ्याच दिवशी सौरवादळ आलं. वरचं वातावरण तापून फुगलं, हवेचा अटकाव आधीच्या उड्डाणांच्या तुलनेत ५० टक्क्यांपर्यंत वाढला. उपग्रहांना कडेवर उभं करून हवा चुकवायचा प्रयत्न झाला, तरी ३८ गेले.

पुन्हा वापरलेल्या रॉकेटचं काय बिघडतं, याची मार्च २०२० आणि फेब्रुवारी २०२१ची दोन उदाहरणं फार बोलकी आहेत. पहिल्यात वर जातानाच नऊपैकी एक इंजिन बंद पडलं. कारण निघालं ते सफाईला वापरलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल. थोडंसं सेन्सरच्या एका बंद कोपऱ्यात अडकून राहिलं आणि उड्डाणात पेटलं. दुसऱ्यात इंजिनाभोवतीच्या लवचीक संरक्षक आवरणाला वापरून वापरून बारीक छिद्र पडलं होतं, त्यातून गरम वायू आत शिरला आणि इंजिन बंद झालं. दोन्ही वेळा उपग्रह कक्षेत पोचले, कारण नऊपैकी आठ इंजिनांवर भागतं. बूस्टर मात्र उतरू शकले नाहीत. ऑगस्ट २०२४मध्ये आणखी एक बूस्टर त्याच्या २३व्या अवतरणात डेकवर आडवा होऊन जळाला. या सगळ्यांपेक्षा महागात पडलेला अपघात त्याच वर्षी जुलैतला, आणि तो झाला कोऱ्या करकरीत दुसऱ्या टप्प्यात. दाबमापकाच्या एका नळीचा क्लॅम्प सैल होता, इंजिनाच्या थरथरीने नळीला चीर गेली, द्रवरूप ऑक्सिजन गळला, इंजिन दुसऱ्यांदा नीट पेटलं नाही. २० उपग्रह इतक्या खाली सुटले की सगळे जळाले. तीनशेहून अधिक यशस्वी उड्डाणांची साखळी एका क्लॅम्पने तोडली. "वापरलेलं रॉकेट धोक्याचं" म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं: परत आलेला भाग उघडून बघता येतो, नव्या भागाची परीक्षा थेट उड्डाणातच होते.

आपल्याकडचं थोडक्यात. वनवेबचे ७२ उपग्रह इस्रोच्या एलव्हीएम ३ रॉकेटने श्रीहरिकोट्याहून गेले: ऑक्टोबर २०२२मध्ये ३६, मार्च २०२३मध्ये ३६, दर खेपेला सुमारे ५.८ टन. ते रॉकेट एकदाच वापरायचं. पुष्पक हे पंखवालं यान २०२३ आणि २०२४मध्ये चित्रदुर्गजवळच्या धावपट्टीवर तीनदा उतरवून झालंय, पण ते अवतरणाचं तंत्र शिकण्यासाठी. परत येणाऱ्या पहिल्या टप्प्याचं, खालच्या कक्षेत ३० टन माल नेणारं नव्या पिढीचं रॉकेट मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४मध्ये मंजूर केलं. त्याला आठवड्याला माल कोण देणार, हा मघाचाच प्रश्न तिथेही येणार.

आता मुलुंड. उपग्रहाचे बीम (खाली सोडलेले लहरींचे झोत) जमिनीवर षटकोनी चकत्यांत वाटलेले असतात. अशी एक चकती वीसेक किलोमीटर रुंद, साधारण अडीचशे चौरस किलोमीटर. बृहन्मुंबईचं क्षेत्रफळ सुमारे ६०० चौरस किलोमीटर, म्हणजे अख्खी मुंबई अडीच-तीन चकत्यांत बसते. ग्राहकांच्या डिशकडे येणारा कू बँड (रेडिओ लहरींचा एक पट्टा) १०.७ ते १२.७ गिगाहर्ट्‌झ, म्हणजे २ गिगाहर्ट्‌झ रुंदीचा. तो पूर्ण वापरला, दोन्ही ध्रुवणं (लहरींच्या कंपनाचे दोन प्रकार) वापरली आणि सगळं जमून आलं तरी एका चकतीत एका वेळी पंधरा-वीस गिगाबिटच्या पुढे जाणं कठीण. रात्री नऊच्या गर्दीत घरटी सरासरी अडीच मेगाबिट धरले तर वीस गिगाबिट म्हणजे आठ हजार घरं. तीन चकत्यांत चोवीस हजार. २०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. जास्त उपग्रह सोडूनही हे फारसं बदलत नाही, कारण एकाच चकतीत त्याच लहरी पुन्हा वापरल्या की त्या एकमेकींत मिसळतात. तिकडे वर्सोव्याला येणाऱ्या आधुनिक समुद्री केबलची फायबरची एक जोडीच दहा टेराबिटहून जास्त वाहून नेते, म्हणजे शंभर गिगाबिटवाले शंभर उपग्रह. मुंबईत फायबर स्वस्त आहे ते लोक दाटीने राहतात म्हणून, आणि उपग्रह महाग आहे तोही त्याच कारणाने.

अक्षांशाचाही थोडा तोटा आहे. ५३ अंश कललेल्या कक्षेतले उपग्रह ५३ अंशांच्या आसपास वळताना जास्त वेळ घालवतात. १९ अंशांवरच्या मुंबईच्या तुलनेत ५० अंशांवर त्यांची दाटी साधारण तिप्पट भरते. शिवाय टीव्हीवाल्या स्थिर उपग्रहांच्या रेषेकडे या डिशना सिग्नल पाठवता येत नाही, त्या सेवेला त्रास होतो म्हणून. ती रेषा मुंबईहून दक्षिणेला ६८ अंशांपर्यंत चढते, म्हणजे जवळजवळ डोक्यावर. आकाशाचा सर्वात चांगला पट्टा असा निम्मा वाया जातो आणि उत्तरेकडचं मोकळं आकाश जास्त महत्त्वाचं ठरतं. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या दक्षिणेला डिश ठेवली की टाकीच उत्तर अडवते. शेजारी चाळीस मजली टॉवर उत्तरेला उभा असेल तर विषयच संपला. दर काही मिनिटांनी उपग्रह त्याच्या आड गेला की कॉल दोन-चार सेकंद तुटतो, आणि स्पीड टेस्टमध्ये ते दिसतही नाही.

पावसाबद्दलही विचारणार, म्हणून आधीच सांगतो. १२ गिगाहर्ट्‌झला ताशी १०० मिलिमीटरचा पाऊस दर किलोमीटरला पाच-सहा डेसिबल खातो, म्हणजे सिग्नलची ताकद तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर आणतो. असा कोसळता ढग डोक्यावर असताना लिंक तुटते. पण आपल्याकडे तेवढा जोर सहसा पाच-पंधरा मिनिटं टिकतो, आणि डिश दुसऱ्या दिशेच्या उपग्रहावर जाऊ शकते. दिवसभराच्या रिपरिपीने वेग उतरतो, लिंक टिकते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तशा दिवशी मात्र कुठल्याच डिशचा भरवसा धरू नये. उलट फायबर पावसाने थांबत नाही. खोलीत पाणी शिरून स्विच गेला तरच थांबतं.

तेव्हा मुलुंडला फायबर ठेवा. दवाखाना, छोटं ऑफिस, वीज-नेट गेलं तर नुकसान होणारं काम असेल तर गच्चीवरची डिश दुसरी लाइन म्हणून योग्य. नुसती घरच्या करमणुकीसाठी नको. साध्या किटबरोबर येणारी केबल १५ मीटरच्या आसपास असते, ती गच्चीवरून चौथ्या मजल्यावर पोचत नाही. राउटर वरच लिफ्टच्या खोलीत ठेवून तिथून डक्टमधून वेगळी लाइन उतरवावी लागते, आणि त्यासाठी सोसायटीचा ठराव आधी घ्या, भोक नंतर पाडा.

मोखाड्याचं घर मात्र याच सेवेसाठी बनल्यासारखं आहे. चकतीत माणसं कमी, वरून जाणारी क्षमता तीच. स्टारलिंकला जून २०२५मध्ये दूरसंचार खात्याचा परवाना आणि जुलैत इन-स्पेसची (अंतराळातल्या खासगी कामांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेची) मंजुरी मिळाली; नोव्हेंबर २०२५मध्ये महाराष्ट्र सरकारने दुर्गम भागांसाठी त्यांच्याशी इरादापत्र केलं. भारतातल्या ग्राहकांची इंटरनेटची वाहतूक भारतातल्याच गेटवेवर उतरवणं बंधनकारक आहे. नोंदणीआधी तिथे जाऊन आकाश बघा. फोनवरच्या अ‍ॅपने कॅमेरा फिरवला की अडथळे दिसतात; साग आणि आंबा फेब्रुवारीत विरळ दिसतात, जुलैत गच्च होतात, म्हणून पावसाळ्यातली पानं धरून मोजा. कौलांवर डिश टेकवू नका, माकडं ती हलवतात. दीड-दोन इंची जीआय पाइप काँक्रीटमध्ये पुरून घराच्या उत्तर अंगाला वेगळा खांब उभारा, त्याला अर्थिंग करा. डिश सतत ७५ ते १०० वॅट घेते, म्हणजे महिन्याला ५४ ते ७२ युनिट. १५० अँपिअर-तासाची एक ट्यूब्युलर बॅटरी आणि इन्व्हर्टर यावर ती साधारण दहा तास चालेल. तिथे रात्रीची वीज याहून जास्त वेळ जात असेल तर दुसरी बॅटरी घेण्यापेक्षा रात्री डिश बंद करण्याचं वेळापत्रक लावा, ती सोय अ‍ॅपमध्ये असते.